कानाला गेलेला हात

मावशी, मागच्या आठवड्यात माझ्या मुलीनं आमच्या गाण्याच्या ग्रुपचा तो टीव्हीवरचा इंटरव्ह्यू शोधून काढला. तुमचीच एक जुनी विद्यार्थिनी आता तिला गाणं शिकवते आणि ती दर वर्षी नव्या मुलांना माझी गोष्ट सांगते. तुम्ही सांगायचात तीच, जशीच्या तशी. मुलीला तो इंटरव्ह्यू क्लासमधल्या मैत्रिणींना दाखवायचा होता.

तुमच्या जर्सी सिटीच्या बेसमेंटमध्ये, ड्रायरच्या घरघरीत, पहिल्याच रविवारी तुम्ही आम्हाला कानाची पाळी धरायला शिकवलं होतंत. गुरूचं नाव तोंडी आलं की हात कानाला गेला पाहिजे. तेव्हा मी नऊ वर्षांची होते. मी विचारलं होतं, नाव घेतलंच नाही तर? तुम्ही पेटीवरचा हात न उचलता म्हणालात, "मग कान कशाला दिलाय देवानं, डूल घालायला?" सगळे हसले. तुमच्याकडे मी बारा वर्षं शिकले.

नंतर तो ग्रुप. कॉलेजातल्या आम्ही तिघी, एकसारखी चंदेरी जॅकेट्स, एक अल्बम, रेडिओवर चाललेलं एकच गाणं, मॉलमधले कार्यक्रम. दीड वर्षात रेकॉर्ड कंपनीनं दुसरा अल्बम कॅन्सल केला आणि आम्ही तिघी तीन गावांना गेलो. पण त्या दीड वर्षात आमच्या मॅनेजरनं एक कहाणी बेतली होती: तिघींनाही कुणी शिकवलेलं नाही, डॉर्मच्या लाँड्रीत कपडे धुताना त्या आपोआप गायला लागल्या. मी ती पाठ केली. कुणी बळजबरी केली नव्हती, हे लिहून ठेवते.

इंटरव्ह्यू घेणाऱ्या बाईंनी विचारलं की तुझा आवाज एका सुरावरून दुसऱ्यावर असा घसरत जातो, हे कुठून आलं? मी हसून इंग्रजीत सांगितलं, "मला कुणीच शिकवलं नाही." आणि माझा डावा हात कानाला गेला.

तुम्ही क्लासमधल्या सगळ्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना बोलावून तो कार्यक्रम एकत्र पाहिलात, हे आईनं मला फोनवर सांगितलं. पुढच्या रविवारी मी घाबरतच आले. तुम्ही पोह्यांची बशी माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "नाव घेऊ देत नसतील गं तुला. पण हात गेला की कानाला. मला पोचलं."

मी म्हणाले, "हो, मावशी."

मग ते तुम्ही प्रत्येक नव्या मुलाला सांगू लागलात. तुम्ही गेल्यावर हॉलमध्ये शोकसभा झाली, तिथेही कुणीतरी तेच सांगितलं. सगळे माझ्याकडे वळून बघत होते. मी मान खाली घातली, तर शेजारच्या काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्यालाही आता बारा वर्षं झाली.

मुलीनं ती क्लिप नेमकी त्या जागी थांबवली. माझ्या जॅकेटच्या कॉलरमधून एक बारीक वायर वर कानाकडे गेलेली दिसते. "आई, यू वर जस्ट फिक्सिंग युअर इअरपीस, राइट?" तिच्या आवाजात आरोप नव्हता, तिला फक्त जाणून घ्यायचं होतं. मी म्हणाले, दोन्ही असेल. ती बरं म्हणाली आणि मैत्रिणींना दाखवायचं तिनं रद्द केलं. का, ते मी विचारलं नाही.

दोन्ही नव्हतं, मावशी. इंटरव्ह्यूच्या आधी गाताना इअरपीस सैल झाला होता, तो मी आत ढकलला. त्या क्षणी तुम्ही मला आठवलाही नव्हतात. तुम्ही पोह्यांची बशी दिलीत, तेव्हा हे सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं.

उद्या रविवार आहे. मुलीला क्लासला सोडताना तिला हे सांगायचं, असं ठरवून मी वही उघडली, आणि सांगितलं तुम्हाला. तुम्ही आता मला काही म्हणू शकत नाही, म्हणून.