गंगम्माची ओळख

३ नोव्हेंबर

साखर पेठेतला आमचा ओटा. मी दहाची, गंगम्माही तेवढीच. माझ्या मांडीवर कॉन्व्हेंटचं इंग्रजी पुस्तक, तिच्या मांडीवर बिडीचं सूप. मी कविता पाठ करायची. ती ऐकता ऐकता पान कापायची, तंबाखू भरायची, वळायची, अंगठ्यानं टोक मुडपायची. एकदा मीही वळून पाहिली — सगळी तंबाखू फ्रॉकवर! तिला इतकं हसू आलं की तिच्या आईनं आतून तेलुगूत शिव्या घातल्या.

आज हे आठवलं, कारण त्या अंगठ्यावर आता रेषाच उरलेल्या नाहीत. रेशन दुकानातलं मशीन तिला ओळखत नाही. पुसून लावला, ओला करून लावला, तेल चोळून लावला — लाल दिवा! दुकानदार म्हणाला, "महिनाअखेरपर्यंत ओळख पटली नाही तर नाव कटतंय, आज्जी. मी काय करू? वरूनच आलंय."

नाव कटलं की तांदूळ बंद. घरात ती एकटी. मुलगा अंबादास भिवंडीला यंत्रमागावर कामाला.

तरी हसतच आली. "वैजू, जन्मभर बिड्या मुडपल्या, त्यात अंगठा पण मुडपून गेला की गं!"

मला नाही हसू आलं.

५ नोव्हेंबर

दुसरी वाट आहे म्हणे. मोबाईलवर चेहरा दाखवायचा. पण तिचा फोन बटणांचा. मोठा फोन माझ्याकडे — माझ्या लेकीनं, धम्मप्रियानं, पुण्याहून पाठवलेला. वायफाय माझ्याकडे. ॲपमधलं इंग्रजी वाचता येतं तेही मलाच.

एकाच ओट्यावर वाढलो ना आम्ही? मग हे सगळं माझ्याच वाट्याला कसं आलं? बाबा रेल्वेत होते म्हणून मी कॉन्व्हेंटात गेले, पुढे टेलिफोन खात्यात चिकटले. एवढंच कारण. माझी हुशारी काही नाही त्यात.

६ नोव्हेंबर

धम्मप्रियाचा फोन. पुण्याला कधी येतेस? म्हटलं, महिना संपू दे.

९ नोव्हेंबर

ॲप कोड पाठवतं. तो जातो अंबादासच्या फोनवर, कारण तिच्या आधारला नंबर त्याचाच जोडलेला. तो मागावर उभा — नुसता खडखडाट! आकडे ओरडून सांगेपर्यंत वेळ संपली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा बिचारा फोन घेऊन रस्त्यावर पळाला. "लिही मावशी, लवकर!" लिहिले. उघडलं!

आणि मग चेहरा. पडद्यावर गोल येतो, त्यात तोंड धरायचं आणि डोळे मिचकावायचे. बस्स. गंगम्मा खुर्चीत बसली. पदर सारखा केला, कुंकू नीट केलं, दोन्ही हात गुडघ्यांवर. डोळे असे ताणले की मलाच भीती वाटली!

"अगं, मिचकाव."

"न्हाय."

"न्हाय काय? तसं सांगतंय ते."

"त्याला काय कळतंय? फोटोत डोळं मिटलं की माणूस मेल्यावानी दिसतंय. माझ्या लग्नाच्या फोटोत मिटलं, तर सासू मरेपर्यंत बोलत होती!"

हा फोटो नव्हे, म्हटलं. मान डोलावली. पुन्हा तसेच बटाट्याएवढे डोळे, श्वाससुद्धा बंद. लाल. लाल. लाल. शेवटी ॲपच बंद पडलं.

१० नोव्हेंबर

रात्री चिडले होते तिच्यावर. सकाळी वाटलं, तिचं काय चुकलं? आमच्या वेळी कॅमेऱ्यापुढे सगळेच असे बसायचे. काळ्या फडक्याखालून तो माणूस ओरडायचा — हलू नका! तिनं ते आजवर पाळलं. कुणी तिला सांगितलंच नाही की नियम बदललाय.

१४ नोव्हेंबर

झालं! झालं! झालं!!

आज तिला खुर्चीच दिली नाही. म्हटलं, तू ओट्यावर बस तुझं सूप घेऊन, वळ बिड्या, मी आपली गप्पा मारते. अंबादासला आधी फोन करून रस्त्यावरच उभा केला होता. कोड आला, लिहिला. फोन हळूच तिच्या तोंडासमोर धरला. ती सासूबद्दल बोलत होती, रंगात आली होती. तंबाखूचा भपकारा डोळ्यांत गेला आणि तिनं चांगले दोनदा डोळे मिटले —

हिरवी खूण!

"गंगम्मा, ओळखलं तुला!"

"कुणी?"

"सरकारनं!"

तिनं सूप बाजूला ठेवलं. फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. मग म्हणाली, "बिडी वळताना ओळखलं व्हय? मग बरोबर हाय. दुसरी कुठली गंगम्मा हाय मी!"

दोघी रडलो. मग कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली.

१८ नोव्हेंबर

ओट्यावर बायकाच बायका! सगळ्यांचे अंगठे तसलेच. गंगम्मा माझ्या फोनवरून हात काढत नाही. इंग्रजी येत नाही, पण कुठलं बटण कुठं ते पाठ केलंय. शेजारच्या चिमाबाई खुर्ची शोधू लागल्या तर खेकसली, "ए, लग्नाला आलीस का? खाली बस. सूप घे. नवऱ्याबद्दल बोल!"

चिमाबाई बोलल्या. भरपूर डोळे मिचकावले. हिरवी खूण!

मी नुसता चहा केला.

२९ नोव्हेंबर

गंगम्मा तांदूळ घेऊन आली. पिशवी माझ्या दारात आपटली. "दुकानदार उठून उभा राहिला की गं मला बघून! म्हणतोय, आज्जी, आमच्या गल्लीत पण या."

जाणार आहे. एकटी जाणार आहे! मला विचारलंसुद्धा नाही.

३० नोव्हेंबर

हे पान धम्मप्रियानं वाचावं. हृदयाची झडप बदलायला उद्या पुण्याला निघतेय. डॉक्टर घाई करत होते. महिना मीच मागून घेतला. कुणावर रागावू नकोस. मी खुशीत आहे.

परत आले तर उत्तमच. नाही आले तर — इंग्रजी पुस्तकं चिमाबाईंच्या नातीला. वायफाय बंद करायचं नाही. पासवर्ड ओट्याच्या भिंतीवर ऑइलपेंटनं लिहून घेतलाय. फोन गंगम्माला. माझा चेहरा त्यातून काढलाय. आता तो तिच्याच चेहऱ्यानं उघडतो.