पत्र्यावरचा उजेड

४ फेब्रुवारी

चि. बारक्यास, अनेक आशीर्वाद. वि. वि.

आईचा खोकला गेला. आता ती खोकल्याऐवजी माझ्या मागे लागली आहे, म्हणजे ठणठणीत आहे.

बातमी मात्र घाणेरडी आहे. आपलं चर्च पाडून तिथे टॉवर बांधायचं घाटतंय. मंडळाच्या बैठकीत पाळकसाहेबांनी भिंती कशा खचल्यात ते हुंदके देत सांगितलं, आणि हुंदके ओसरायच्या आत बिल्डरच्या माणसाने टॉवरचं चित्र उलगडलंसुद्धा. वेदीच्या जागी पोहण्याचा तलाव! ज्यांनी वर्षानुवर्षं चर्चचं तोंड पाहिलं नाही, ते आता टेप घेऊन बाकं मोजताहेत. एकीला ती म्हणे जेवणाच्या टेबलाशी शोभतील. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे ऐकले होते. हे तर जिवंताच्याच उशाशी चमचा घेऊन बसलेत. मला शिसारी आली.

पुढच्या महिन्यात नगरपालिकेत सुनावणी आहे. मी हरकत नोंदवली आहे, बाकी सगळे मूग गिळून बसलेत. ऑर्गन वाजवणं वेगळं आणि साहेबापुढे बोलणं वेगळं, माझी बोबडी वळेल. तू जाहिराती लिहून लोकांच्या गळ्यात नको ते साबण मारतोस, तर एकदा चांगल्या कामासाठी लेखणी झिजव. ऐकून साहेबाला विटेला हात लावायची लाज वाटली पाहिजे.

कळावे. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई

११ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पत्र वाचून डोकंच फिरलं. माझा बाप्तिस्मा झाला तिथे लोक डुबक्या मारणार? लिहितो, नक्की लिहितो. पण खरं सांगू का, मला आता पाळकसाहेबांच्या घोरण्याखेरीज काही आठवत नाही. तू दर रविवारी तिथे असतेस. तुला काय दिसतं, काय ऐकू येतं ते मनमोकळं लिहून पाठव. व्याकरणाची फिकीर नको, साज मी चढवतो.

आईला म्हणावं, ताईचा पिच्छा सोड. लोभ आहे तसाच राहावा.

तुझा बारक्या

१९ फेब्रुवारी

चि. बारक्यास, अनेक आशीर्वाद. वि. वि.

असं काही लिहायची सवय नाही, हसू नकोस.

सकाळी पूर्वेच्या खिडकीतली निळी काच फरशीवर उतरते. लहानपणी त्या उजेडात पाय ठेवायला आपण घाबरायचो, ओले होतील म्हणून. तू तर चप्पल हातात घेऊन तिथून जायचास आणि बाबा हसू दाबायला खोकायचे. मी शेवटचा सूर सोडला की तो लगेच थांबत नाही. छतापर्यंत जातो, तिथे जरा टेकतो, मग विरतो. बाबा गेल्यावर मी कोणाजवळ रडले नाही. दुपारी एकटीच जाऊन तो एक सूर धरून बसले. तिथे माणसाला एकटं वाटत नाही रे. यापलीकडे मला सांगता येत नाही.

आता तू काय ते नीट कर. सगळी भिस्त तुझ्यावर आहे. खुशाली कळवत जा.

तुझी ताई

१४ मार्च

बारक्या,

आशीर्वाद लिहायला हात उठत नाही.

निकाल लागायच्या आधीच चर्चभोवती पत्रे ठोकलेत. काल आईला दवाखान्यात नेताना तिने त्यावरची जाहिरात मोठ्याने वाचायला घेतली. निळाशार तलाव, त्यात पाय सोडून बसलेली बाई, आणि वर हातभर अक्षरांत: ‘जिथे उजेडात पाय ठेवतानाही वाटतं, ओले होतील.’ खाली: ‘इथे माणसाला एकटं वाटत नाही.’ आई वाचता वाचता थांबली. हे तर आपल्या घरातलं आहे, असं म्हणाली. मी तिचा हात धरून तिला तिथून पुढे नेलं.

बाबांसाठीचं माझं रडणंही विकलंस का, की त्याला जागा पुरली नाही?

ताई

२० मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तू रागावशील असं खरंच वाटलं नव्हतं. तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात टॉवरचं काम आमच्या ऑफिसात आलं. पान माझ्या टेबलावर होतं, साहेबांनी उचललं आणि वाचताना त्यांचे डोळे पाणावले. इतका जिवंत मजकूर आमच्यापैकी कुणालाच जमला नसता, असं सगळ्यांसमोर म्हणाले. मला तुझा अभिमान वाटला. तुला अचानक दाखवून खूश करायचं होतं.

शांतपणे विचार कर. चर्च तसंही पडणारच होतं. निदान तुझे शब्द तरी तिथे राहिले. आमच्या माणसांना तिथे सवलतीत फ्लॅट मिळतोय, मी आईच्या नावाने शब्द टाकून ठेवलाय. सुनावणीचा मजकूर मात्र आता मला लिहिता येणार नाही, नोकरीचा प्रश्न आहे. समजून घे. लोभ कमी करू नये.

तुझा बारक्या

२ एप्रिल

बारक्या,

सुनावणी झाली. तू काही पाठवलं नाहीस, म्हणून जे तुला लिहिलं होतं तेच आठवून कागदावर उतरवलं आणि गेले. आधी बिल्डरचा माणूस उठला. आम्ही या वास्तूच्या आठवणी जिवापाड जपणार आहोत, असं म्हणून त्याने निळा उजेड, ओले पाय, छताला टेकणारा सूर सगळं वाचून दाखवलं. पाळकसाहेबांनी रुमाल काढला. मग माझं नाव पुकारलं. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं, मी तेच वाचलं. अधिकाऱ्याने मान डोलावली आणि प्रेमाने सांगितलं की, बाई, तुमच्या आणि त्यांच्या भावना तर शब्दन् शब्द एकच आहेत, मग हरकत कसली? हरकत निकाली निघाली. सोमवारपासून पाडकाम सुरू होईल.

फ्लॅट नको असं आईने सांगितलं आहे.

यापुढे पत्र येत जाईल. आईची तब्येत बरी आहे. मी बरी आहे. पाणी वेळेवर येतं. यातलं काही उपयोगी पडलं तर घे.

ताई