बोटीवरचा फराळ आणि तेवीस नावं

१० नोव्हेंबर २०२१, सकाळ
उद्या क्रूझ. मेघना आणि तिची बहीण वैशाली यांची दोन वर्षांत भेट नाही. वैशाली गोव्यात म्हापशाला, आम्ही मुंबईत काळाचौकीला, मध्ये लॉकडाऊन. दिवाळीत मी शब्द दिला की भेट मी घालून देणार, तीही समुद्रमार्गे. बुकिंग मेघनाने केलं. मी मागे उभा राहून सूचना केल्या.
संकल्प : बोटीवर आरोग्याचा प्रत्येक नियम पाळायचा. तीस वर्षं मंडळाचा सेक्रेटरी आहे, शिस्त अंगात आहे.

दुपार
नियम बदलला. टेस्ट बहात्तर तासांची चालत नाही, अठ्ठेचाळीसची हवी. मी कंपनीला कडक पत्र लिहायला बसलो. मेघना म्हणाली की दोघांची दुसरी टेस्ट कालच झाली, नाकात काडी घातली ती कशासाठी वाटली? मला ते रूटीन वाटलं होतं.

११ नोव्हेंबर, बोटीवर
केबिन आमच्या खोलीतल्या मोरीपेक्षा जरा मोठी. नियम असा की केबिनचं दार बंद ठेवावं. शेजारच्याच पाटीवर लिहिलंय, हवा खेळती ठेवा. दोन नियमांत विरोध आला की अनुभवी माणसाने निर्णय घ्यायचा असतो. चप्पल अडकवून दार उघडं ठेवलं. आमच्या चाळीत दिवसा दार लावलं तर लोक विचारायला येतात, कोण आजारी आहे का.

१२ नोव्हेंबर, रात्र
जेवणाचे नियम : सकाळी आपण वाढून घ्यायचं. अकराला, वेटर वाढणार. एकला, टोकन. लोक वैतागले. मी पॅसेजमधल्या सगळ्यांना केबिनमध्ये फराळाला बोलावलं. दिवाळीचा अर्धा डबा चिवडा आणि करंज्या आणल्याच होत्या. फराळ तोंडावर मास्क ठेवून खाता येत नाही, हे कोणीही मान्य करेल.
गर्दी बघून मेघना डेकवर गेली, ती संध्याकाळपर्यंत. म्हणाली की बोटीवर तरी मंडळ नको. तिला सार्वजनिक कामाची आवड नाही, बिचारी.
समोरच्या केबिनमधला राकेश, नायगावचा, पाच करंज्या खाऊन गेला. दोनदा शिंकला. चिवड्यातली मिरची.
सवयीप्रमाणे वहीत नोंद : नाव, केबिन नंबर, आल्याची वेळ, गेल्याची वेळ. यजमान धरून तेवीस.

१३ नोव्हेंबर, सकाळी ७
गोवा आलं. उतरण्याआधी सगळ्यांची टेस्ट. राकेश पॉझिटिव्ह. ताप नाही, नुसता नाराज आहे. आरोग्य डेस्कवरची प्रिती विचारत होती, काल कुणाकुणाला भेटलात. त्याला एक नाव आठवेना. मी वही पुढे केली. ती म्हणाली की इतकी व्यवस्थित यादी तिने आजवर पाहिली नाही. मला भरून आलं.

सकाळी ९
नवा नियम. रुग्णासोबत विनामास्क पंधरा मिनिटांहून जास्त बसलेल्यांनी उतरायचं नाही. राकेश चाळीस मिनिटं होता, वहीत आहे. तेवीस जणांची दारं बाहेरून टेप लावून बंद. त्यात माझंही. पॅसेजमधून माझ्या नावाने बरंच काही ऐकू येतंय. लोकांना शिस्त नको असते.
मेघना यादीत नाही. संपर्कातल्याच्या संपर्कातला उतरला तर चालतो, असा नियम कालच झालाय आणि आज रात्री बदलणार आहे म्हणे. तिला उतरायची परवानगी मिळाली. मी दाराआडून सांगितलं की तू एकटी घाबरशील, राहू दे. बहुतेक तेव्हा ती जिना उतरत होती.

सकाळी ११
माझी खिडकी समुद्राच्या बाजूला. धक्का दिसत नाही. वाईट वाटलं, खोटं का बोला. दोघी भेटतील तेव्हा मी मध्ये उभा असणार होतो. चार शब्द बोलायची तयारीही केली होती.

संध्याकाळी ६
वैशालीचा व्हिडिओ कॉल. दोघींचे डोळे रडून सुजलेले, तरी हसू थांबेना. आठ तास बोलत होत्या म्हणे, जेवायचंही विसरल्या. मी तयार केलेले चार शब्द सुरू केले. वैशालीने मध्येच थांबवलं. म्हणाली, भावोजी, तुमी बोटीवरच रवलास तां लय बरा झाला.
मेघनाने मान हलवली आणि कॅमेरा दुसरीकडे फिरवला.
माझ्या तब्येतीची दोघींना किती काळजी.