पाण्याचा घोट

शुक्रवार, सोनागिरी

संध्याकाळी रेडिओवर नेत्याचं युद्धाचं भाषण ऐकलं. “शत्रूला समेटाचं पत्र पाठवलंय, पण आम्ही मागे हटणार नाही,” म्हणाला, आणि मध्येच पाणी प्यायला. घोट स्पष्ट ऐकू आला. मेल्याचा घसा का कोरडा पडावा? माझा मुलगा निखिल सीमेवर आहे. सोमवारपासून फोन नाही.

तेवढ्यात ब्लॅकआउटच्या सरावाचा सायरन वाजला. दिवे मालवले. सासऱ्यांचा सगळा जन्म कारखान्यात गेला. भोंगा झाला की पानं घ्यायची, ही या घराची रीत. अंधारात ते म्हणाले, “सूनबाई, पाळी सुटली. पानं घे.”

मीही वेडी, घेतली. दिवे लागल्यावर पाहिलं, तर निखिलचंही पान मांडलेलं. पेल्यात पाणीसुद्धा.

तो घोट अजून कानात आहे. हा पेला मात्र कुणी उचलत नाही.