पेटीतली बाटली

ट्रेगारा, दक्षिण ऑस्ट्रेलिया
१५ मार्च १९०९

प्रिय केझाया,

परमेश्वर तुला बळ देवो. इथे आम्ही सगळे बरे आहोत. उन्हाळा उतरला, पण तांब्याच्या भट्ट्यांची काजळी अजून वाळत घातलेल्या कपड्यांवर बसतेच.

जानेवारीत तुझा हेडली माझ्या घरी वारला, तेव्हा डॉक्टरांनी दाखल्यावर कारण लिहिलं, 'दात येणे'. नऊ आठवड्यांचं मूल! मी चार इयत्ताच शिकले, पण एवढं कळतं. माझा संशय दूधवाल्या गिलवर होता. चर्चच्या पाळणा-यादीत बाळांची नावं मीच लिहिते, गेलेल्यांची मीच खोडते. या उन्हाळ्यात पाच खोडली. एकाला हगवण, दोघांना अशक्तपणा, दोघांना दात.

एके सकाळी गिलच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. "दुधात पाणी किती घालतोस?"

"बाई, या गावात घालायला पाणी आहे कुठे?" म्हणाला. मला ते पटलं नाही. चार घरी सांगून त्याचं दूध बंद करवलं.

मग लव्हडे ट्रेम्बाथकडे भेटायला गेले. खोडलेल्या नावांत पाचवं तिच्या मुलीचं. तिलाही विचारलं, गिलचं दूध घेत होतीस का?

"काहीतरीच काय, मिसेस रोडा. दारात तीन शेळ्या असताना विकतचं दूध कोण घेईल? बाटली होती ना, आपल्या चर्चच्या महिला मंडळाच्या पेटीतली. लांब नळीची. पाळण्यात ठेवली की पोर आपलं आपण चोखत पडतं, मी धुण्याला मोकळी."

पेटी तुला माहीत आहे. झबली, बाप्तिस्म्याचा झगा, बाटली. एका बाळंतिणीकडून दुसरीकडे जाते. घरी येऊन यादीची वही काढली. पेटी ज्या क्रमाने फिरली, त्याच क्रमाने मी नावं खोडली होती.

लव्हडेकडून पेटी मागवून घेतली आणि बाटलीची रबराची नळी कात्रीने उभी चिरली. आत हिरवट बुळबुळीत थर होता. वास असा की दार उघडावं लागलं.

मंडळाच्या अध्यक्षीणबाई, मिसेस पॅस्को, म्हणाल्या, "डॉक्टरांपेक्षा तू शहाणी झालीस का गं? हॉस्किंगची सून आज-उद्यात बाळंत होईल. पेटी दे."

"पेटी देते. बाटली नाही."

इथपर्यंत लिहून मी दोनदा उठले. पेटीच्या झाकणाला आतून एक चिठ्ठी डकवलेली आहे : 'रबर उकळू नये, विरते. कोमट पाण्याने धुवावे.' नळ्या लवकर फाटत, नव्या अॅडलेडहून मागवाव्या लागत, म्हणून दोन वर्षांपूर्वी ती लावली. अक्षर माझं आहे.

उद्या मंडळाच्या सभेत हे उभी राहून सांगणार आहे. गिलच्या दारीही जायचं आहे. पण त्या सगळ्यांच्या आधी तुला कळायला हवं, म्हणून हे आजच्या टपालाने धाडते आहे.

तू तापात होतीस, तुला आठवत नसेल. दिवसातून सहा वेळा त्याला त्याच बाटलीने दूध मी पाजलं.

थर्झा रोडा