जेनीव्हासाठी पाहिलेले रिव्हॉल्व्हर व माझी इतर मालमत्ता

मी, ऑर्व्हिल डीन स्टॅम्पर, वय सत्तावन्न, धंदा कुलपे व शिवणयंत्रे दुरुस्ती, राहणार मिल क्रीक रस्ता, कोल्टर्स फोर्क, हॅडली काउंटी, केंटकी, हा कागद स्वतःच्या हाताने, स्वतःच्या टेबलावर बसून लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. हृदय नाही. डॉक्टर म्हणाले, साधारण पाव भाग चालते. मी कागद मागून घेऊन वाचला, बावीस टक्के आहे. कोणी मला भरीस घातलेले नाही. शाळा आठवीत सुटली. पुढचे सगळे पुस्तके वाचून आणि वस्तू उघडून बघून शिकलो, म्हणून वकील लावला नाही. याआधी एकच मृत्युपत्र केले होते, ते मी शेगडीत जाळले. का जाळले, ते कलम चारमध्ये येईल.

कलम एक. घर व त्याखालची जमीन माझी धाकटी बहीण जेनीव्हा रूथ स्टॅम्पर हिला. ती आता माहेरचेच आडनाव लावते. घर विकायचे झाल्यास घेणाऱ्याला सांगावे की मागच्या दाराची पायरी डावीकडे पाऊण इंच उतरली आहे. न सांगता विकू नये.

कलम दोन. लेथ यंत्र, कानशी आणि मोजमापाची सर्व उपकरणे काउंटीच्या तांत्रिक शाळेला, एका अटीवर: कानशी एका खणात एकमेकींवर टाकायच्या नाहीत. प्रत्येकीला कापडाची पिशवी मी शिवलेली आहे. बारीक पेचकसांचा अकरा नगांचा संच आहे. बारावा हॉबर्ट कॉम्ब्सने, म्हणजे गावातल्या गहाणाच्या दुकानदाराने, २०११ साली उसना नेला आणि टोक मोडून परत दिला. तो मोडका हॉबर्टला.

तरीही या मृत्युपत्राची अंमलबजावणी मी हॉबर्टवरच सोपवतो. त्याच्यात एक गुण आहे. दुकानात काय आले आणि ते कोणी नेले, हे तो बायकोलाही सांगत नाही.

कलम तीन. यात काही द्यायचे नाही. पण हे लिहिल्याशिवाय पुढची कलमे समजणार नाहीत.

पाच वर्षांपूर्वी, जानेवारीच्या सुरुवातीला जेनीव्हा माझ्याकडे आली. कर्टिस होल्ब्रुकपासून तिने घटस्फोट घेतला होता. त्याने तिच्याजवळ फिरकू नये, असा न्यायाधीशाचा हुकूमही तिच्या पर्समध्ये होता. तरी तो धुलाईच्या दुकानासमोर, जिथे ती काम करायची, गाडी लावून बसत असे. ती मला म्हणाली, कोटाच्या खिशात मावेल असे एक जुने रिव्हॉल्व्हर बघून दे, तुझ्याइतके त्यातले कोणाला कळते. ते खरे होते. मला ते ऐकायला आवडले, हेही खरे.

मी आधी खिसा केला. तिच्या कोटाच्या उजव्या खिशात हरणाच्या मऊ कातड्याचे अस्तर घातले, दुहेरी शिवण, रिव्हॉल्व्हरचा घोडा कापडात अडकू नये म्हणून वरची कड तिरकी. मग वस्तू शोधायला लागलो.

पहिले जत्रेच्या मैदानावरच्या बंदुकांच्या बाजारात पाहिले. त्याच्या स्क्रूची डोकी कोणीतरी स्वयंपाकघरातल्या सुरीने खाल्ली होती. बाहेरून असा धसमुसळेपणा, तर आत काय केले असेल? नाकारले. दुसरे हॉबर्टकडे. दोन इंची नळी, पाच गोळ्यांचे, एका निवृत्त पहारेकऱ्याच्या उशाशी आयुष्य काढलेले. मी गोळ्यांच्या चक्रावर बोटाने हलकासा अडथळा ठेवला आणि घोडा सावकाश मागे ओढला. गोळ्यांच्या पाच खोबणींपैकी चार नळीसमोर जागेवर बसल्या. चौथ्या क्रमांकाची केसभर मागे राहिली.

“असं बोट लावून कोण झाडतं रे?” हॉबर्ट म्हणाला. “चाप नेहमीसारखा ओढ की. खटकन बसतंय.”

मी पुन्हा बोट लावून पाहिले. नंतर नळी आणि चक्र यांच्यामधली फट मोजायला पट्टी काढली. जेनीव्हा काउंटरला टेकून उभी होती; मला ती लहानपणापासून बब म्हणते. ती म्हणाली, “बब, नवरा करताना मी एवढं निरखून पाहिलं असतं ना, तर या दुकानात यायची वेळच आली नसती.”

हॉबर्ट हसला, तीही हसली. मी मोजत होतो.

“मला चालेल हे,” ती म्हणाली.

मी म्हणालो, या वस्तूला ‘चालेल’ नसते. ऐन वेळी एकदा अडले की संपले.

“आणि ऐन वेळी हातात काहीच नसलं तर?”

मी तिला म्हणालो, दोन आठवडे थांब. याहून चांगले मिळते.

ते दोन आठवडे अकरा झाले. मधे आणखी दोन नाकारली. एकाची फट रुंद होती, उजेडासमोर धरल्यावर चंद्रकोर दिसायची. दुसऱ्याच्या नळीच्या तोंडाला नखाएवढा पोचा होता. रोज काम आटोपल्यावर ती फोन करायची आणि मी तिला सांगायचो, आज काय पाहिले आणि ते का घेतले नाही. ती ऐकून घ्यायची. पुढेपुढे फक्त “बरं, बब” म्हणायची.

दोन एप्रिलला, दुपारी साडेतीनच्या सुमारास, कर्टिस गाडीतून उतरला. तिचे डावे गालाचे हाड तीन ठिकाणी मोडले आणि डावा डोळा गेला. अंगात तोच कोट होता. इस्पितळात तो मला कागदी पिशवीत घालून दिला. मी खिशात हात घातला. शिवण कुठेही उसवली नव्हती. आत काही नव्हते.

त्या शनिवारी मी हॉबर्टकडे गेलो आणि ते नाकारलेले रिव्हॉल्व्हर काहीही न तपासता उचलले. जुन्या दगडखाणीत जाऊन शंभर गोळ्या झाडल्या. शंभरच्या शंभर सुटल्या. चौथ्या क्रमांकाची खोबण वीस वेळा नळीसमोर आली आणि वीसही वेळा बरोबर बसली.

कलम चार. कर्टिसला झालेली शिक्षा त्याने भोगली, आणि तो आता काउंटीत मोकळा फिरतो. जेनीव्हा इथे राहत नाही. गेल्या महिन्यात मी पहिले मृत्युपत्र लिहिले, ते माझ्या सवयीप्रमाणे पूर्ण आणि तपशीलवार: तिचे गाव, रस्ता, रिव्हॉल्व्हरचा क्रमांक, ते कोणी आणि कसे पोहोचवायचे. साक्षीसाठी शेजारच्या ओपल फ्यूगेट यांना बोलावले. त्या काउंटीच्या नोंदणी कार्यालयात सव्वीस वर्षे खिडकीवर होत्या. त्यांनी चष्मा लावून सगळे वाचले आणि पेन खाली ठेवले.

“ऑर्व्हिल राजा, तू गेलास की हे वहीत चढणार. ती वही मागेल त्याला दाखवतात. ओळखपत्रसुद्धा विचारत नाहीत.”

मी विचारले, कर्टिसला?

“त्यालाही. मीच काढून दिली असती. वर ‘आणखी काही हवंय का’ असंही विचारलं असतं.”

कायद्याचे पुस्तक मी दोनदा वाचले होते. साक्षीदार किती, समास किती, सगळे पाठ होते. वही कोण वाचतो, हे माझ्या ध्यानातच आले नाही. तिचा पत्ता मी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात त्याच्या हाती देणार होतो.

ओपलबाई साक्षीदार असल्याने त्यांना मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. म्हणून डुलती खुर्ची मी परवाच त्यांच्या ओसरीवर नेऊन ठेवली. वाटेत तीनदा बसावे लागले. त्याच खुर्चीत बसलो.

घराची कागदपत्रे जेनीव्हाला पाठवण्यासाठी राज्य सरकारने पत्ता लपवून राहणाऱ्या बायकांकरिता ठेवलेली टपालपेटी वापरावी. तिच्यात टाकलेले पुढे कुठे जाते, हे हॉबर्टने विचारू नये.

कलम पाच. कर्टिस होल्ब्रुक याला काहीही नाही. कर्टिस, तू नोंदणी कार्यालयाच्या खिडकीपाशी उभा राहून हे वाचत असशील. तुझ्यावर माझा राग आहे, पण बावीस टक्क्यांत तो पेलवत नाही. तुझ्या दारी येण्याइतका दम माझ्यात उरलेला नाही, आणि होता तेव्हा मी फट मोजत बसलो.

कलम सहा. सदर रिव्हॉल्व्हर. त्याचा क्रमांक लिहीत नाही. मी जेनीव्हाशी त्याबद्दल फोनवर बोललो. हवे का, असे विचारले. तिने दोन शब्दांत उत्तर दिले, आणि या वेळी मी तिच्याशी वाद घातला नाही. ती जे म्हणाली तसे केले. काय म्हणाली, ते या कागदावर येणार नाही. हॉबर्ट सांगणार नाही, ओपलबाईंना ठाऊक नाही.

तेव्हा कर्टिस, ते तिच्या उजव्या खिशात असेल किंवा नसेल. मी आयुष्यभर कुठलीही गोष्ट अर्धी सोडली नाही. हे कलम सोडतो. तुला नक्की माहीत नसणे, एवढेच आता मला तिला देता येते. ते किती दिवस पुरेल, हे मला मोजता येत नाही.

वरील मजकूर चार पानांचा असून त्यात खाडाखोड नाही. वाचून पाहिला, माझाच आहे, म्हणून सही करतो.

ऑर्व्हिल डीन स्टॅम्पर

आमच्यादेखत सही केली. सही त्यांचीच आहे:
१. ओपल मे फ्यूगेट, निवृत्त कारकून, मिल क्रीक रस्ता
२. व्हर्नन टॅकेट, टपालवाटप, कोल्टर्स फोर्क

स्थळ: कोल्टर्स फोर्क, हॅडली काउंटी, केंटकी
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२३, सकाळी दहा वाजून दहा मिनिटे