पार्सलात पासपोर्ट नाही

प्रिय हिबा,

पळस्प्याला गोव्याच्या बसमध्ये हे पार्सल देते आहे. त्यात सुका जवळा, तांदळाचं पीठ आणि तू मागितलेला निळा स्वेटर आहे. विमानात थंडी वाजते म्हणालीस. बार्बाडोसला उकडतं आणि तिथे पोचेपर्यंत कुडकुडायचं, हे काही मला कळत नाही. पत्र जवळ्याच्या डब्याखाली ठेवलंय, वास लागला तर चालवून घे. फोनवर तू "हां अम्मी, बघते" म्हणतेस, मी "जेवलीस का" विचारते, आणि बोलायचं ते राहून जातं.

गेले काही दिवस हाताला चैन नाही. कपाट लावलं, परत काढलं, परत लावलं. नव्या विमानतळाची विमानं आता आपल्या गच्चीवरून जातात. आवाज आला की मी कपडे वाळत घालायच्या निमित्ताने वर जाते, कपडे नसले तरी. सुनिता वरच्या मजल्यावरून चहाला आली तेव्हा मी पुसलेलं टेबल पुन्हा पुसत होते. म्हणाली, "झुबेदा, कॉन्फरन्स तुझी आहे का पोरीची?" मी तिला सांगितलं, की तिकडच्या किनाऱ्यांवर समुद्रातून शेवाळाचे ढीग येऊन कुजतात, होड्या अडतात, आणि माझी मुलगी त्यावर बोलणार आहे. ती म्हणाली, "वेस्ट इंडीज ना? मग बॅट घेऊन जा म्हणावं." दोघी हसलो. मग तिने हळूच तुझ्या अब्बांचं विचारलं, "महमूदभाई तिकडेच ना गं?" मी चहा गाळायला उठले.

व्हिसाचं काय झालं? बार्बाडोसला लागत नाही, पण मध्ये लंडनला विमान बदलायचं तर लागतो म्हणालीस. त्याला किती दिवस लागतात? कॉन्फरन्सच्या आधी एक दिवस मोकळा ठेवणार आहेस की नंतर? आधीच ठेव. नंतर माणूस दमतं. तिथे बस असते का, की टॅक्सीच करावी लागते? मी एवढं का विचारते असं तुला वाटत असेल. तू मला दोनदा म्हणालीस, "अम्मी, तूही चल." दोन्ही वेळा मी गुडघे पुढे केले. त्या बेटाचं नाव आपण दोघी आता इतक्या वेळा घेतो, पण तिथे कोण आहे ते एकदाही बोललो नाही.

तो फोन आला तेव्हा तू तिसरीत होतीस, शाळेत गेली होतीस. मी कोळंबी साफ करत होते. फोन तेव्हा इस्माईल चाचांच्या खोलीत असायचा. भिंतीपलीकडून मला एवढंच ऐकू आलं, "जी. जी. वहीं कर दीजिए." काय करायचं ते मला नंतर कळलं. जहाजावर सगळ्यांना रांधून घालणाऱ्या तुझ्या अब्बांच्या स्वतःच्या छातीत कळ आली, आणि जहाज बार्बाडोसच्या बंदराला लागेपर्यंत सगळं संपलं होतं. मय्यत घरी आणायची तर बरेच दिवस लागणार, आणि मय्यत थांबवू नये. चाचांचं चुकलं असं मी म्हणत नाही, त्यांनी भावाला तिथेच, लवकर मातीत निजवलं. सुरतेकडून पिढ्यांमागे तिथे गेलेली आपली माणसं आहेत. त्यांनी न्हाऊ घालून गुसल दिलं, नमाज पढली, ओळख ना देख अशा माणसाला खांदा दिला. त्यांच्यासाठी मी आजही दुआ मागते. पण मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मीही कदाचित तेच म्हटलं असतं. पण ते मी म्हटलं असतं.

मग इद्दत. नवऱ्यामागचे चार महिने दहा दिवस आतल्या खोलीत. उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकलेली मी, हाताशी होती ती तुझी मराठीची पुस्तकं. आठवतं? तू पट्टी घेऊन टीचर व्हायचीस आणि मला जोडाक्षरं वाचायला लावायचीस. 'स्त्री' वाचताना अडले की माझ्या पाटीवर पट्टी आपटायचीस. पुढे सुनिता वाचनालयातून तिच्या नावावर पुस्तकं आणून द्यायला लागली, ते आजवर थांबलं नाही. त्या बेटाबद्दल मिळेल ते वाचलं. ऊस, गुलाम, वादळं. कबरस्तानाबद्दल कुठेच नव्हतं.

रविवारी चाचा आले होते. तू जाणार म्हणून खूश आहेत. बशीत चहा ओतत म्हणाले, "हिबा फातिहा पढून येईल, बस झालं. औरतों का क्या काम कब्रस्तान में?" मी म्हटलं, हिबा पण औरतच आहे. म्हणाले, "ती शिकलेली आहे." मी म्हटलं, "मी पण शिकले, भाईजान. तुमच्याच भिंतीच्या अलीकडे बसून." ते हसले, पण बशी बराच वेळ खाली ठेवली नाही. म्हातारे झालेत आता. जाताना दारात थांबून म्हणाले, "वहां की मिट्टी कैसी है, पूछना उसे." मग चपला शोधत राहिले, पायातच होत्या.

परवा हमीदाबींबरोबर बाजारातून रिक्षाने येत होते. कबरस्तानाच्या भिंतीपाशी त्या नेहमीसारख्या म्हणाल्या, "जरा आहिस्ता, बेटा." भिंतीवरून कडुनिंबाचा शेंडा दिसतो. "त्याच्या पलीकडे आमचे हे आहेत," त्या मला म्हणाल्या, जसं काही मला माहीत नाही. वीस वर्षं मी या बाईचा हेवा केला. शबेबरातीला बायका पाकळ्या निवडून देतात आणि पुरुष त्या घेऊन कबरस्तानात जातात. हमीदाबी निवडतात तेव्हा त्यांना माहीत असतं, या कुठे पडणार. मी निवडते त्या कोणाच्या तरी कबरीवर पडतात. परवा मात्र रिक्षा वळली आणि माझ्या मनात आलं, हमीदाबी इतक्या वर्षांत कडुनिंबाच्या पुढे गेलेल्या नाहीत. तुझे अब्बा इथे असते तर मलाही भिंतच मिळाली असती. आपल्याकडे बायका आत जात नाहीत, मीही गेले नसते, कोणाशी भांडले नसते. ते माझ्यापासून इतके लांब आहेत म्हणूनच कदाचित मला त्यांच्या जवळ उभं राहता येईल. हे सुचल्यापासून झोप नाही, हिबा. तिथे मला कोणी झुबेदा म्हणून ओळखत नाही, कोणाची भावजय म्हणून ओळखत नाही.

तिथल्या मशिदीला मेल करून सगळं विचारून ठेवते, असं तू मागे म्हणाली होतीस. कबर कुठे आहे, ते जरूर विचार. पण बायकांना आत सोडतात का, हे विचारू नकोस. एवढ्यासाठीच हे पत्र लिहिलं. लांबून विचारलं की लांबूनच उत्तर येतं, आणि ते घेणारं दुसरंच कोणी असतं. मी दारात उभी राहून विचारीन. नाही म्हणाले तर भिंतीशी उभी राहीन, पण ती त्यांची भिंत असेल. मक्केला उमराला जायचं म्हणून काढलेला माझा पासपोर्ट कपाटात होता, इतके दिवस तोच काढत-ठेवत होते. तू पार्सलात शोधशील, त्यात तो नाही. ड्रायव्हरच्या हाती तो मी देणार नाही. शुक्रवारच्या बसने मीच घेऊन येते, माझंही विमानाचं तिकीट काढ. गुडघे बरोबर आणते आहे, त्यांना विचारलेलं नाही.

वाट बघ, पण स्टँडवर फार लवकर येऊन उभी राहू नकोस.

तुझीच,
अम्मी